उन्हात मिटलेली मूठ

बाबांना लकवा मारला तेव्हा वाचा गेली आणि उजवा हातही गेला. मी चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. तिथे आम्ही रबरासारख्या सिलिकॉनचे मऊ रोबो बनवतो. त्यांच्यात मोटर नसते, बारीक तार असते. तापली की आखडते, निवली की सैल पडते. तसल्याच तारेचा एक काळा हातमोजा मी बाबांसाठी केला. बटन दाबलं की बॅटरी तार तापवायची आणि बोटं मिटायची. चटका बसू नये म्हणून थोड्याशा उष्णतेला आखडणारी तार निवडली. एसीत बसून निवडली, दुसरं काय. जन्म गेला इथल्या उन्हात आणि हिशेबात नेमकं ऊनच धरलं नाही.

एप्रिल संपता संपता कुरखेड्याजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. आवाज लाजल्यासारखा.

"तुह्या बाबानं माहा हात धरला."

"बटन कोनं दाबलं?"

"कोनीच नाई. बॅटरी त घरात होती, हातात नुसता मोजा. मी अंगनात मोहफुलं निवडून राह्यली होती, तुह्या बाबाची खाट बाजूलेच. मी हात हाती घेतला, त यायनं घट्ट धरला. लग्नात धरला होता, तवापासून आता."

मला तेव्हाच कळलं, उन्हानं तार तापली होती; पण फोनवर सांगवेना. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत शेजारीही बसत नाहीत, आणि आईनं हे साऱ्या आळीला सांगितलं होतं. मी गावी पोचले तर देवापुढं नारळ फुटलेला आणि बाबांच्या गोळ्या बंद.

"कायले पायजे गोळ्या? मानूस बरा होऊन राह्यला."

मग सांगावंच लागलं. ऊन, काळा मोजा, तार, सगळं. इतका राग मला कधी कुठल्या वस्तूचा आला नव्हता.

"यायनं नाई धरला मंग?"

"नाई, आई."

ती उठली, गोळी भरवली, बाबांचं तोंड पुसलं. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाबांच्या हातात मोजा चढवला, खाट ओढून उन्हात नेली आणि आपला हात त्यांच्या हातात देऊन बसली.

मी दारातून म्हटलं, "आई, ते तार आहे."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "तू आत जाय."