देवकावर कुऱ्हाड

मला बघायला पाहुणे आले, त्याच दुपारी आमच्या घरामागचा ऊस पेटला. पुढच्या खोलीत चहात साखर किती घालायची यावर आई आणि काकीची कुजबुज चालली होती आणि मागे शेतातली सगळी साखर जळत होती. माझ्या लग्नाची गोष्ट कुणी विचारली की मी इथूनच सुरू करते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी थापा मारतेय. वाटू दे वाटायचं तर, झालं ते असं झालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात राहत होतो. घर लाकडाचं, वर पत्रा. आधीचं घर वादळाने उचलून नेलं होतं. पत्रे कुणाच्या उसात सापडले, दार तर सापडलंच नाही. त्यानंतर बाबांनी हे घर स्वतःच्या हातांनी उभं केलं. सकाळी मळ्यात ऊस तोडायचा आणि संध्याकाळी घरी येऊन फळ्या ठोकायच्या. त्या कामात त्यांची पाठ गेली ती गेलीच. पुन्हा वादळ आलं तर काय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आता घर गेलं तर मी पण गेलो. तिसरं घर बांधायचं बळ नाही माझ्यात." ते चेष्टेत बोलत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

घराच्या मागे ऊस, आणि ऊस नि घर यांच्या मधोमध आमचं जांभळाचं झाड. गावातले क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक, त्याला जांब्लों म्हणतात. ते त्यांच्यासाठी नुसतं झाड, आमच्यासाठी देवक. आमचे लोक कोकणातून बोटीत बसून इथे आले तेव्हा काय काय सांडलं त्याचा हिशेब नाही. गावाचं नाव विसरले, निम्मी भाषा विसरले, पण आपलं देवक जांभूळ, हे नाही विसरले. त्याला कुऱ्हाड लावायची नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही, दात घासायला काडीसुद्धा मोडायची नाही. फळ खायला मोकळीक, तेही खाली पडलेलं. वर चढून तोडलं तर पाठीत धपाटा.

ज्या वादळाने आधीचं घर नेलं, त्यानेच जांभळाची एक जाड फांदी अर्धी चिरली होती. ती मेली, वाळली आणि नवं घर झालं तेव्हा थेट आमच्या पत्र्यावर टेकून राहिली. वर्षानुवर्षं तशीच! वारा सुटला की पत्र्यावर खरवडायची. शेजारचा क्रेओल सुतार दर वर्षी म्हणायचा, "मी तोडून देतो, तुम्ही हातही लावू नका." बाबांचं उत्तर ठरलेलं. "आपण तोडलं काय आणि दुसऱ्याला सांगून तोडवलं काय, दोष सांगणाऱ्याचाच." मग तो सुतार डोक्याला हात लावून निघून जायचा. माझं तर डोकंच फिरायचं. वाळलेलं लाकूड घराच्या डोक्यावर घेऊन झोपायचं, असला शहाणपणा आमच्या घराशिवाय कुठे सापडायचा?

तर ते पाहुणे. पेती राफ्रे गावाहून आलेले, मुलगा आणि त्याची आई. वडील नव्हते त्याला. मुलगा राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी कचेरीत कारकून. पांढरा सदरा, कडक इस्त्री, बूट असे चकचकीत की त्यात माझा हिरमुसलेला चेहरा दिसत होता. हा माणूस बूट सोडून कुठेच बघेना. मी मनात म्हटलं, गेलं! या बूटपुशाबरोबर जन्म काढायचा.

त्याच्या आईने पाणी प्यायच्या आधीच बाबांना विचारलं, "तुमचं देवक कोणतं म्हणायचं?"

"जांभूळ," बाबा म्हणाले.

"आमचं वड. चला, जमतंय मग." देवक एक असतं तर तिथेच उठावं लागलं असतं. बाई मोकळेपणाने हसल्या. मी ताटलीत गातो पिमां, म्हणजे आपले डाळीचे मिरचीवडे, घेऊन पुढे झाले, आणि तेवढ्यात मागे फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला.

तो बांबूचा आवाज होता. उसाच्या कडेचं बांबूचं बेट तापून फुटत होतं. पाठोपाठ गल्लीतून आरोळी आली, "दिफे! दिफे!" म्हणजे आग. वरच्या अंगाला कुणीतरी तोडणी झाल्यावर पाचट पेटवलं होतं आणि वारा फिरला होता. नोव्हेंबरचे दिवस, महिनाभर पावसाचा टिपूस नाही. पाचट नुसतं पेटायचीच वाट बघत होतं.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. सुटले एकदाची! ताटली तिथेच टेकवून मी पदर खोचला आणि मागच्या दारी धावले.

आणि मग समोर आग दिसली. उसाची आग चालत येत नाही, ती धावत येते. वर जळलेल्या पाचटाचे काळे धागे तरंगत होते, अंगावर, केसांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होते. उसातून ससे, उंदीर, एक मुंगूस, सगळे जीव खाऊन बाहेर पळत होते आणि माझ्या पायांवरून गेले तरी त्यांना माझी भीती नव्हती. गल्लीतले पुरुष हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला शेतात घुसले होते. एकमेकांना हाका मारत होते, कुणाची मराठी, कुणाची भोजपुरी, कुणाची क्रेओल, सगळं एकदम.

काका बादल्या घेऊन पत्र्यावर चढला. पाणी ओतत होता आणि ओरडत होता, "दादा, ही फांदी! इथवर आग आली की ही पेटणार, आणि ही पेटली की घर गेलं!" तोल जात होता त्याचा, पण आधाराला फांदी धरीना. देवक ना!

बाबा झाडाखाली उभे होते. हात जोडलेले नव्हते, काही नव्हतं, नुसते उभे. एकदा घराकडे बघायचे, एकदा झाडाकडे. आई आतून ट्रंक, गाद्या, देवांचा पाट अंगणात आणून टाकत होती आणि मध्येच थांबून बाबांकडे बघत होती. ती बोलणार नव्हती. काका बोलणार नव्हता. आमच्यातलं कुणी 'तोड' हा शब्द तोंडातून काढणार नव्हतं.

तेवढ्यात तो कारकून आला. सदऱ्याच्या बाह्या वर, आणि हातात आमचीच लाकडं फोडायची कुऱ्हाड! कुठून शोधली देव जाणे. मी बघतच राहिले. त्याने शिडी ओढली, झाडाला लावली, आणि वर चढायच्या ऐवजी बाबांपुढे उभा राहिला.

"काका, माझं देवक वड आहे. मला दोष नाही. तोडू?"

बाबांनी फांदीकडे पाहिलं.

"काका, झाड तुमचं आहे. तुमच्या घरातल्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही."

अरे देवा! कारकून तो कारकून. मागे आग गर्जतेय, आणि हा परवानगी मागतोय! पण आता विचार करते तेव्हा वाटतं, तो विचारल्याशिवाय तोडता तर बाबांनी त्याला जन्मात घरात घेतलं नसतं. तेव्हा मात्र माझा संताप संताप झाला. झाडाच्या पलीकडचं पाचट पेटलेलं मला दिसलं. बाबांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. या माणसाने पाठ मोडून बांधलेलं घर, आणि ते वाचवायला लागणारा एक शब्द त्याच्या घशात अडकलेला.

"तोडा!" मी ओरडले. "मी सांगते, तोडा! बघता काय नुसते!"

आईने तोंडावर हात घेतला. पत्र्यावर काका बादलीसकट थबकला. आणि तो माणूस, सांगते तुम्हाला, त्या चकचकीत बुटांनी शिडीवर असा चढला की मला बूटपुशा म्हटल्याची लाज वाटली.

ती लाज काही फार वेळ टिकली नाही. पहिला घाव हवेत, दुसरा शिडीवर. त्याची आई खालून, "अरे मेल्या, पडशील!" आणि मी खालून, "अहो, तिथे नाही! चिरली आहे तिथे मारा! अहो तिथे म्हणजे तिथे!" लग्न ठरायच्या आधीच मी त्याला ओरडत होते, हे तो आजही चारचौघांत सांगतो. मग एक घाव नेमका बसला. मग दुसरा. फांदी करकरली, पन्हळ वाकवत, पत्रा घासत धाडकन अंगणात आली.

आणि मग आमच्या लोकांनी काय करावं? बाबांना एकदम वाचा फुटली. "उचला! जळू देऊ नका तिला!" झालं! ट्रंक राहिली, गाद्या राहिल्या, काका पत्र्यावरून उडी मारून खाली आला, आणि आम्ही सगळे ती मेलेली फांदी ओढत अंगणातून रस्त्यापर्यंत नेऊ लागलो. देवकाचं लाकूड जळता कामा नये! तो कारकून ओढत होता, त्याची आई रेशमी साडीत ओढत होती. तिचं देवकही नव्हतं ते, पण तिने विचारलं नाही. मीही ओढत होते आणि ओढता ओढता हसत होते आणि रडतही होते.

फांदी रस्त्यावर पोचवून मागे वळलो, तर आमचं वेगळं असलेलं स्वयंपाकघर पेटलेलं. एक ठिणगी त्याच्या गवती छपरावर पडली होती आणि बघायला तिथे कुणीच नव्हतं. चूल, भांडी, पाहुण्यांचं जेवण, सगळं गेलं. पण आग तिथून पुढे आली नाही. शेतातल्या लोकांनी ती झोडपून आमच्या दगडी गडग्यापाशी मारली. घराची मागची भिंत तापून तिचा रंग फोडासारखा फुगला होता, बस्स तेवढंच. घर उभं होतं!

धूर जरा निवळला तेव्हा परसाकडे बघवेना. पपई शिजून मान टाकून उभी होती. केळीची पानं करपली होती, पण बुंध्यांत पाणी इतकं की ते अजून चरचरत होते. लिचीची अर्धी पानं तांबडी झाली होती. पुढे कित्येक दिवस ती एक एक करून गळत राहिली. बांबूचं बेट काळं ठिक्कर पडलं होतं. आणि जांभूळ उसाच्या बाजूने खालपासून वरपर्यंत भाजलं होतं. घराच्या बाजूची पानं मात्र हिरवी होती.

बाबा एकेक बादली आणून बुंध्यावर ओतत होते. सालीतून वाफ निघत होती.

आम्ही सगळे काळे. त्याचा पांढरा सदरा कुठे आणि बुटांची चमक कुठे! त्याची आई ओट्यावर बसली, वाऱ्यासाठी पदर हलवला आणि म्हणाली, "भाऊ, आमच्याकडून होकार आहे. तुमचं सांगा."

बाबांनी बादली खाली ठेवली. दुपारपर्यंत ज्याला बूटपुशा म्हणत होते, त्याला बाबा नाही म्हणतील की काय, म्हणून माझा जीव वरखाली! आणि नाही म्हणायला कारण होतं. देवकावर कुऱ्हाड घालणाऱ्याला मुलगी द्यायची, म्हणजे गावभर चर्चा.

"फांदी तोडायला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

तो पुढे होऊन काही बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

"मी सांगितलं, बाबा."

"दोष सांगणाऱ्याचा."

"असू दे माझा," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या भुवया जळल्या होत्या, डोळे लाल झाले होते, धुराने की कशाने ते कळत नव्हतं. मग त्यांनी त्या बाईंकडे वळून विचारलं, "तुमचं देवक वड म्हणालात ना?"

"हो, वड."

"मग हिला घेऊन जा. ज्या पोरीने जांभळावर कुऱ्हाड घालायला सांगितलं, ती आता जांभळाची नाही राहिली. तिला दुसरं देवक हवं."

एवढं बोलून त्यांनी बादली उचलली आणि नळाकडे गेले. मला हाकललं की दिलं, तेच मला क्षणभर कळेना. मग आई हसायला लागली, तेव्हा कळलं, आणि मी त्या परक्या माणसांसमोर लहान पोरीसारखं भोकाड पसरलं.