आप्पांच्या खिशातला रिमोट

शटर बसवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. लोक आम्हाला बोलावतात तेव्हा एक तर आत अडकलेले असतात, नाहीतर बाहेर!

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीत आप्पांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मोटरची रोलिंग शटर्स नुकती यायला लागलेली. गिऱ्हाईकाला एकच प्रश्न विचारायचा: भिंतीवर वायरचा स्विच हवा, की हातात बिनवायरचा रिमोट? आप्पा वायरवाले, मी रिमोटवाला. आप्पा म्हणायचे, "नंद्या, वायर कुठून कुठं जाते ते दिसतं तरी. तुझं ते हवेतलं कुठं जातं, देवाला ठाऊक!" घरात कमावता मी एकटाच, त्यामुळे वाद घालायचो, पण बेताबेतानं.

*

ठाण्यात एका कापडवाल्या काकांना मी अर्धा तास रिमोटचं कौतुक ऐकवलं. बसल्या जागी उघडा, बसल्या जागी बंद करा!

काका शांतपणे म्हणाले, "सकाळी दुकान उघडताना आम्ही हात लावून नमस्कार करतो. रिमोट राहणार पँटच्या खिशात. तिथून काढून कपाळाला लावू?"

झालं! वायरचा स्विच बसला. दसऱ्याला गेलेलो, तर स्विचला झेंडूची माळ, आणि कुंकू फक्त वरच्या बटणाला. म्हटलं, असं का? "वरचं उघडतं ना रे! बंद करायच्या बटणाची कसली पूजा?"

*

उलट डोंबिवलीतले वह्या-पुस्तकवाले मास्तर. त्यांनी हौसेनं रिमोट घेतला आणि पहिल्याच दुपारी शेजारच्या दुकानातून फोन केला, "शटर उघडत नाही हो."

गेलो. मास्तर फुटपाथवर उभे.

"रिमोट कुठाय?"

"आत. काउंटरवर."

"आत?"

"अहो, बटण दाबलं, जागच्या जागी ठेवला आणि वाकून बाहेर आलो. घराबाहेर पडताना दिव्याचं बटण कोणी खिशात घालून नेतं का?"

आप्पांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढं महिनाभर ते प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवत होते.

*

माझ्या बाजूनं उभी राहिली ती कोळीवाड्यातली चंद्रामावशी. खाडीजवळ तिचं बर्फाचं गोदाम. आप्पांनी वायरचा स्विच दाखवला, तर तिनं दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. टपटप पाणी!

"माजे हात दिसभर वले! करंट लागला त मासली तू इकशील काय?"

रिमोट तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचला आणि वर मला मूठभर सुकट दिली. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

*

ती कॉलर उतरली ती अशी.

रिमोटच्या आत आठ बारीक खटके असतात. शटरच्या पेटीतही तसेच आठ. दोन्हीकडे सारखे लावले की नंबर जुळतो. प्रत्येक गिऱ्हाईकाचे वेगळे लावायचे, हा नियम. मी अतिशहाणा, सगळ्यांचे एकच लावत गेलो. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. लक्षात ठेवायला सोपं!

ठाण्यात भर दुपारी, दुकानं जेवणासाठी बंद असताना, आप्पा एका घड्याळवाल्याला नवीन शटर चालवून दाखवत होते. बटण दाबलं. हे शटर वर गेलं. आणि समोरच्या सोनाराचं, मीच बसवलेलं, तेही! आत गादीवर सोनारशेठ बनियनवर घोरत पडलेले. दचकून उठले, शटर बंद केलं. आप्पांनी खात्री करायला पुन्हा दाबलं. शेठ पुन्हा प्रकट!

घड्याळवाला पोट धरून हसला. पण सोनाराचं दुकान हो! कोणीही उघडलं असतं. नोकरी गेली, आता घरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

आप्पांनी तो रिमोट स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. "शिडी घे," म्हणाले.

दोन दिवस आम्ही दुकानोदुकानी फिरलो. मी वर चढून खटके बदलायचो, आप्पा खाली शिडी धरायचे. प्रत्येक ठिकाणी हात जोडून तेच एक वाक्य, "माझी चूक झालीय, पाच मिनिटं द्या." माझं नाव एकदाही घेतलं नाही. वर्कशॉपला परत आल्यावर मला रडूच फुटलं.

"रडतोस काय? वेगळे खटके लावायला आठ सेकंद लागतात. तेवढे लावत जा." बस्स, एवढंच बोलले. आजही आप्पांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. त्या दिवशी त्यांनी मला हाकललं असतं, तर मी कुठं असतो कोण जाणे.

*

चार-पाच वर्षांनी मी डोंबिवलीतच स्वतःचं दुकान टाकलं. शटरला वायरचा स्विचही लावला, रिमोटही. उद्घाटनाला अर्थातच आप्पा. गुडघे धरत रिक्षातून उतरले, बंद शटरला हात लावून नमस्कार केला. मी माझा रिमोट पुढं केला.

"थांब. तुझा धडा पाठ आहे का बघू."

त्यांनी शर्टाच्या खिशातून तोच जुना रिमोट काढला. झाकण निघू नये म्हणून रबरबँड लावलेला. माझ्याकडे रोखून बघत बटण दाबलं.

शटर खडखडत वर गेलं.

"नंद्या! अजून तोच नंबर?"

"बाकी कोणाचा नाही आप्पा. या एकाच दुकानाचा."

आप्पांनी रिमोट कपाळाला लावला आणि परत खिशात ठेवला.