चालू बोर्ड, शून्य मेसेज

मिश्राजींनी मला फसवलं. ते इथल्या एका खाजगी कम्प्युटर संग्रहालयाचे व्यवस्थापक, मी मंगला गौरीच्या देवळाजवळचा कम्प्युटर-दुरुस्तीवाला. उद्घाटनाला लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्याच जुन्या मशीनच्या स्क्रीनवर दिसत होतं: मेसेज शून्य.

घरोघरी इंटरनेट येण्याआधी मी बुलेटिन बोर्ड चालवायचो. दुकानात कम्प्युटर, त्याला मोडेम, मोडेमला फोनची लाइन. लोक आपल्या कम्प्युटरवरून फोन लावायचे, मेसेज वाचायचे, स्वतःचा लिहायचे, फोन ठेवायचे. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. तेव्हा डिस्क लहान असायची, म्हणून सॉफ्टवेअर जुने मेसेज आपोआप पुसायचं. मी ती सोय बंद केली. डिस्क भरली तेव्हा मोठी घातली.

कारण दादा. वडिलांची भिक्षुकी सोडून मी मोडेम विकायला लागलो, म्हणून माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. गल्लीत समोर आला की मान फिरवायचा. पण कॉलेजात तो संस्कृत शिकवायचा, तिथल्या कम्प्युटरवरून बोर्डवर रोज लिहायचा. देवनागरी नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी.

"मोडेमशास्त्री, आज संध्या केलीत की नुसतीच लाइन जोडलीत?"

मी लिहायचो, "दोन्हीकडे एंगेज लागतंय, दादा."

तो गेला तोवर आमचं बोलणं एवढंच.

मिश्राजींनी संग्रहालयासाठी ते बोर्डचं मशीन मागितलं. मी पाटीवरच्या माझ्या नावासाठी घासाघीस केली आणि अक्षरं बोटभराची वीतभर करून घेतली. मग म्हणालो, "मेसेज को हात नहीं लगाना."

"अरे गुरु, जैसा है वैसा ही रहेगा."

उद्घाटनाला मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "मेसेज कहाँ गए?"

"पुरानी डिस्क खडखड कर रही थी, नई लगवा दी. सॉफ्टवेअर वही है, नेट पे मिल गया. एकदम साफ!"

"और पुरानी?"

"होगी कहीं. अपना नाम तो देखिए, कितना बडा लिखवाया है!"

मी असा ओरडलो की फीत कापायला आलेले साहेब चहा न घेताच निघून गेले.

माझ्याकडच्या कॉपीच्या फ्लॉपींना पुराच्या ओलीने कधीच बुरशी आली. सॉफ्टवेअर कुठूनही पुन्हा आणता येतं, त्यात माणसांनी लिहिलेलं नाही. मशीन द्यायचंच असेल तर डिस्क आधी काढून घ्या.

मिश्राजी, पाटी उतरवा, मला नको. खडखडणारी डिस्कही मी वाचवून दाखवीन, तो माझा धंदा आहे. ती कोणाच्या हातात दिलीत, तेवढं सांगा.