ताईचा चक

आमच्या गल्लीच्या टोकाला लाकूड कातायचं दुकान होतं. एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण ते चालवत. तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून मोठे लोकसुद्धा. भाऊ शाळेत माझ्याच बाकावर शिकला; पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो. ताईला मात्र वडिलांनी सातवीतच शाळेतून काढून लेथवर उभं केलं.

भाऊ टेबलांचे पाय करी. त्याला चार दातांचं सेंटर पुरे. ते लाकडाच्या एका टोकात ठोकायचं, दुसऱ्या टोकाला टेकू द्यायचा आणि बाहेरून आकार काढायचा. ताई वाडगे करी. वाडगा आतून कोरायचा तर एक तोंड मोकळं हवं, म्हणून तिला चक लागे. त्याचे जबडे लाकडाची एकच बाजू घट्ट धरून ठेवतात.

तो चक तिनेच निवडलेला. वडील स्वस्तातला घ्यायला निघाले होते. ताईने लेथच्या दांड्यावर चढणारी जुनी तबकडी पिशवीतून नेली आणि एकेका चकाचे आटे तिच्याशी ताडून पाहिले.

"बाई, लोक जावईसुद्धा एवढा पारखत नाहीत," दुकानदार वैतागला.

"म्हणून तर पुढे रडतात."

एकही जुळेना. शेवटी एक पसंत करून तिने त्याचे आटे मुद्दाम वेगळे कापून घेतले. त्यामुळे तो चक फक्त त्यांच्याच लेथवर चढे.

वडील गेल्यावर वर्षभरात भाऊ म्हणाला, "ताई, पन्नाशी झाली, आता घरी बस." गिऱ्हाईक दारातूनच 'ताई आहेत का?' असं विचारी, ते त्याला बरीच वर्षं टोचत होतं. दुकान वडिलांनी त्याच्याच नावावर केलेलं. चार माणसांदेखत व्हावं म्हणून त्याने मलाही बोलावलं.

"बाबांची आठवण म्हणून लेथ सोडून काहीही एक घे," तो म्हणाला.

तिने चक उचलला. बिचारीचा जीव त्यात आहे, एवढंच मला वाटलं. परत येताना ती म्हणाली, "सर, वाडग्यांचं काम आलं की मला बोलवावंच लागेल त्याला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

चार महिन्यांनी काम आलं, तीनशे वाडग्यांचं. भाऊ तिच्या खोलीवर आला. मी तिथेच चहा घेत होतो.

"ताई, महिनाभर चक दे."

"चक एकटा येत नाही. मीही येते."

"घरी बस म्हटलं ते तुझ्या भल्यासाठीच ना?"

"मग त्यालाही बसू दे घरी. त्याचंही वय झालंय."

मला हसू फुटलं. भाऊ माझ्याकडे बघून उठला आणि गेला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ते काम हातचं गेलं. ताई रोज चकाला तेल लावून वाट बघत राहिली. दोन महिन्यांनी दुकानासमोर टेम्पो लागला. त्यातून नवी लेथ उतरली, नव्या चकासकट, आणि जुनी भंगारात न्यायला वर चढली. मी दुकानाच्या फाटकाशी होतो.

ताई चक घेऊन आली. भावाने फडक्यात गुंडाळलेलं जुनं सेंटर पुढे केलं. "नव्या लेथवर बसत नाही. तुला राहू दे."

ते न घेताच ती टेम्पोत चढली. जुन्या लेथच्या दांड्यावर तिने चक फिरवत नेला. शेवटपर्यंत गेला, जराही न अडखळता. तिने तो हलवून पाहिला. हलला नाही.

"बघ," ती भावाला म्हणाली. तो दुसरीकडे बघत होता.

ती उतरली. चक तसाच राहिला.

"मावशी, हेपण भंगारातच?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"लेथबरोबरच वजन कर."