सव्वा, दीड आणि दशांश

मार्चच्या दुपारी आमच्या वर्गात बोंडूंचा वास भरून राहतो. काजूची बी काढून झाल्यावर झाडाखाली टाकून दिलेली ती पिवळी-तांबडी फळं उन्हात आंबत जातात, आणि त्यांचा गोड, किंचित मादक दर्प खिडकीच्या गजांतून आत येऊन मुलांच्या पापण्यांवर बसतो. अशाच एका दुपारी मी पाचवीच्या फळ्यावर १.२५ आणि १.५ या दोन संख्या लिहिल्या आणि मोठी कोणती ते विचारलं. सतरा मुलांपैकी चौदांनी १.२५ कडे बोट दाखवलं. हाच प्रश्न त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा विचारला होता, ते आज आठवलं तरी थकवा येतो.

काय करायचं बाकी ठेवलं होतं मी? चौकटींचे कागद रंगवून घेतले, पट्टीवरच्या बारीक रेघा मोजायला लावल्या, काड्यांच्या जुड्या बांधल्या आणि सोडल्या. तेवढ्यापुरतं सगळ्यांना सगळं उमगायचं. वर्गावरून समजुतीची एक झुळूक गेल्यासारखी वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर पंचविसानं पाचाला पुन्हा हरवलेलं असायचं. दोडामार्गकडच्या या गावात मी सहा वर्षं शिकवते आहे. ओरोसला, सरकारी वसाहतीत वाढले, त्यामुळे इथल्या बोलीत माझी जीभ अजून अडखळते. पण गणितात ती कधी अडखळली नव्हती, आणि म्हणूनच कदाचित माझा वैताग एवढा अनावर होता. ज्याला आपण कधी ठेचकाळलो नाही त्या दगडावर दुसरा का पडतो, हे आपल्याला कळत नाही.

सर्वांत जास्त छळलं ते वैजूनं. ती वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, म्हणून अधिकच. इतर मुलं चुकली की गप्प बसत. ही उभी राहून वाद घालायची. त्या दुपारीही ती शांतपणे म्हणाली, "बाई, पंचवीस पाचांपेक्षा मोठे. ह्या तुमीच शिकवल्यात."

"मग पुढचंही तूच शिकव," मी खडू टेबलावर आपटून म्हणाले. "मी बसते तुझ्या जागेवर. नाहीतरी माझं ऐकायचंच नाही, असं तू ठरवलेलं दिसतंय."

ती खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शाळा सुटल्यावर मी स्कूटर तिच्या वाडीकडे वळवली. वाटेत रबराच्या बागेतली सावली अंगावरून जात होती आणि मी मनाशी वाक्यं जुळवत होते. त्यांतली निम्मी क्षमेची होती आणि निम्मी, खरं सांगायचं तर, पुन्हा रागावण्याची. वैजूची आई पहाटेच्या गाडीनं गोव्याच्या हद्दीतल्या कारखान्यात जाते आणि दिवेलागणीला परतते. वडील तिकडेच गाडी चालवतात, रविवारी घरी येतात. घरात म्हातारी आते, वैजू आणि आठ महिन्यांची धाकटी बहीण. मी पोचले तेव्हा वैजू पडवीत बसली होती आणि ते तान्हं पोर तिच्या मांडीवर, ओठ कोरडे, गाल लाल, मलूल होऊन पडलं होतं.

"शाळेत का येत नाहीस गो?"

"छकुलीक ताप आसा, बाई. आतेक कागद वाचूक येणा नाय."

माझ्या बोलण्यानं ती दुखावली नव्हती, हे कळून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तापलेल्या बाळासमोर असं वाटल्याची लाजही वाटली.

तिनं दोन कागद पुढे केले. एक डिसेंबरातला, एक परवाचा. दोन्ही आरोग्य केंद्रातले. जुन्यावर तापाच्या औषधाचं माप होतं १.२५ मिली, नव्यावर १.५. "डॉक्टरांनी औषध कमी केल्यानी," वैजू कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पण ताप तर उतरणाच नाय. म्हणान मी जुना मापच देतंय. ता जास्त आसा मां?"

मी दोन्ही कागदांवरचं बाळाचं वजन पाहिलं. बाळाचं वजन वाढलं म्हणून वाढवलेलं औषध दीड दिवस कमीच जात होतं, तेही एका मायाळू, विचारी मुलीच्या हातून, माझ्या वर्गात तिनं उभी राहून मांडलेल्या तर्कानं. मी कागदावरच्या क्रमांकावर फोन लावला. तिकडची नर्स सगळं ऐकून म्हणाली की घाबरण्यासारखं नाही, मागचं औषध देऊन सहा तास होऊन गेले आहेत तर आता दीड द्या, आणि रात्रीपर्यंत ताप उतरला नाही तर घेऊन या.

औषध पाजायच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये मी वैजूला आधी पाणी भरायला लावलं. जुन्या मापापर्यंत, मग नव्या मापापर्यंत. दट्ट्या जुनी रेघ ओलांडून आणखी मागे सरकला. तिनं एकेका रेघेवर नख ठेवून पाहिलं.

"ह्या दीड?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि ह्या सव्वा?"

"सव्वा."

"मगे बाई, तुमी सव्वा असा कशाक सांगाक नाय? तुमी तर एक दशांश पंचवीस म्हणतास."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागलं. सव्वा पायली तांदूळ आणि दीड पायली तांदूळ यांतला फरक त्या घरातल्या म्हातारीपासून तिच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. आणि दशांश म्हणजे दहावा भाग, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. मग दशांश पंचवीस म्हणजे पंचवीस दहावे भाग, असं ज्या पोरीनं ऐकलं, तिनं चूक केली की माझा शब्द नको इतका खरा मानला? तीन आठवडे मी ज्यांच्यावर चिडत होते ती मुलं माझंच बोलणं मला प्रामाणिकपणे परत करत होती. राग तर उरलाच होता. फक्त आता तो ठेवायला माझ्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

औषध दिल्यावर तासाभरानं बाळाच्या मानेवर घाम फुटला. दिवेलागणीला वैजूची आई आली, तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं छकुलीचं कपाळ चाचपलं आणि माझ्यासमोर चहा ठेवला. काय घडलं ते मी तिला सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. ती एवढंच म्हणाली, "आमच्या वैजूक तुमचा सांगणा म्हणजे देवाचा, बाई." याहून कठोर ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी वैजू वर्गात आली. मी सव्वा, दीड, पावणेदोन असं सगळं दशांशांच्या शेजारी मांडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी पंचविसाला जिंकवलं नाही. मग उत्साहाच्या भरात मी १.३७ लिहिलं.

"ह्याका काय म्हणतत?" मागून कुणीतरी विचारलं.

या संख्येला आमच्याकडे नाव नाही. मी खडू टेबलावर ठेवला. एरवी अशा वेळी मी घाईनं काहीतरी सांगून मोकळी झाले असते.

"सव्वाच्या पलीकडे," वैजू स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आणि दीडाच्या अलीकडे."

"कुणाच्या जास्त जवळ?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण ते कोणत्या शब्दांत सांगावं, हे खरोखरच माहीत नव्हतं.

"ता बघूक व्हया, बाई," ती म्हणाली, आणि पट्टी घेऊन फळ्याकडे आली.