रिपोर्टातला नारळ

मी नळ्या भाड्याने देतो. नव्या कारखान्यात पाइप टाकून झाले की आत वेल्डिंगचे कण, गंज, माती, विडीची थोटकं, सगळं साचलेलं असतं. ते मशीनमध्ये गेलं तर महागडं मशीन पहिल्याच दिवशी बाद. म्हणून मशीन बाजूला ठेवून पाइपच्या दोन तोंडांना माझी रबरी नळी जोडतात आणि जाळीत कचरा येणं थांबेपर्यंत पाणी फिरवतात. मग नळी काढायची, मशीन जोडायचं. नळीचं काम चार दिवसांचं, म्हणून तिला कुणी मोजत नाही आणि मलाही नाही. भांडुपचा गाळा मी खांद्यावर नळ्या वाहून उभा केला. तरी साहेब लोकांसाठी मी 'तो टेम्पररीवाला'.

अंधेरीतल्या औषधाच्या कारखान्यात साहेब होता तो माझ्या मुलाच्या वयाचा. मला अरे-तुरे करायचा. भाव ठरवताना मी त्याला दोनदा नमवलं होतं, ते त्याने मनात धरलं होतं.

पंप सुरू करायचा मुहूर्त सकाळी नऊचा. आदल्या दिवशीच मी पाइपच्या उघड्या तोंडावर पत्र्याचं झाकण लावून गेलो होतो. सकाळी पोचलो तर पूजा चाललेली. पंपाला हार घातलेला, आणि साहेबाने पाइपच्याच लोखंडी कडेवर नारळ फोडला. मी गोल पत्र्यातला पेढा उचलला, हात जोडले आणि फिटरकडून नळी जोडून घेतली.

तासाभरात पाणी मंदावलं. साहेब सगळ्यांसमोर ओरडला, "तुझी नळी आतून सडलीय रे. रबर सुटून जाळीत अडकलंय. रिपोर्टात तसंच लिहितो."

ते वाक्य रिपोर्टात गेलं असतं तर त्या कंपनीच्या एकाही कारखान्यात मला परत पाय ठेवता आला नसता.

"जाळी उघडू," मी म्हणालो. "रबर निघालं तर सगळ्या नळ्या इथेच कापतो. दुसरं काही निघालं तर जे निघेल तेच तुम्ही लिहायचं. बोला."

"लिहीन ना. घाबरतोय कोण?"

फिटरने बोल्ट सोडले आणि जाळी फरशीवर उपडी केली. करवंटीचा मोठा तुकडा पडला, मागोमाग शेंडीचा बोळा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेढा घेतला तो गोल पत्रा म्हणजे माझंच झाकण. ताट मिळालं नाही म्हणून कुणीतरी ते काढलं होतं, आणि मी पेढा चघळत त्याच उघड्या तोंडाला नळी जोडू दिली होती. हे मी तिथे बोललो नाही. माझी चूक दाखवायची घाई मला नव्हती.

साहेबाने लिहिलं, 'फॉरिन मटेरियल सापडले.'

"नारळ कधीपासून फॉरिन झाला? कोकणातला माणूस आहे मी. नारळ लिहा."

"अरे, टेक्निकल शब्द आहे तो."

"वाचणाऱ्याला माझी नळीच वाटणार. नारळ लिहा."

"पूजेचा नारळ रिपोर्टात? लोक हसतील मला."

"आणि मला हसले तर चालेल?"

मी फिटरला जाळी परत बसवू दिली नाही. जाळी नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर मशीन नाही. मी नळीवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने साहेबाने खोडून 'ऑरगॅनिक मटेरियल' केलं.

"शेठ, म्हणजे काय?" फिटरने विचारलं.

"नारळच. पण घाबरलेला."

फिटर हसला तसा साहेब लाल झाला. शेवटी जेवणाच्या सुट्टीच्या आधी त्याने लिहिलं, 'पूजेच्या नारळाची करवंटी', खाली सही केली आणि कागद माझ्या अंगावर टाकला.

"झालं समाधान?"

"नाही. माझं झाकण कुठाय?"

त्याने टेबलाखालून ते पायाने सरकवलं. आत दोन पेढे चिकटले होते.

"धुऊन द्या," मी म्हणालो.