मागल्या सालचं तेल

पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की मिरकरवाड्यातला महिपत मुशी माशाची कलेजी पाण्यात उकळायला ठेवतो. तेल सुटतं, वर येतं, एकेक थेंब दुसऱ्याकडे सरकत जातो नि त्याच्यात मिसळतो. हे तेल होडीच्या लाकडाला लावायचं. काम खरं त्याच्या बायकोचं, मैनाचं. नव्या तेलात मागल्या सालचं पळीभर ओतायचंच, ही तिची रीत. मैना गेली, रीत महिपतनं सोडली नाही.

मैनाला छातीत गाठ होती. औषधांनी ती विरली, घरात गोडधोड झालं, आणि पुढच्या सालाला गाठ परत आली. ती का परतली ते शोधायला मुलगी शमिका बेंगळुरूला गेली, असं तो वाडीत सांगतो. शमिका म्हणते, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून गेले.

परवा तिनं फोनवर सूक्ष्मदर्शकाखालचं दाखवलं. काळोखात हिरवे थेंब. गाठीतल्या थोड्या पेशी औषधाला पुरून उरतात, त्यांच्यातून गाठ पुन्हा धरते, तिनं समजावलं. त्या पेशींच्या पोटात काही प्रथिनं अशी गोळा होतात. भोवती पापुद्रा नाही, तरी पाण्यातल्या तेलासारखी वेगळी राहतात. पेशीचा तो चिवटपणा या थेंबांनी टिकतो असं दिसतंय. थेंब मोडले तर औषध लागू पडेल, एवढी आशा.

"तुझ्या मुशीच्या टोपातलंच बघ ना, बाबा," ती हसली.

पेशी कुणाच्या, त्यानं विचारलं. कुणा बाईच्या. बाई कधीच वारली, पेशी बशीत वाढतायत.

महिपतनं फोन जवळ धरला.

"तुझ्या आयच्या गाठीचा तुकडा मुंबईला धाडलेला गो. तो असंल का असाच कुठं, जिता?"

"बाबा, त्याच गाठीनं नेली तिला."

"ठावं हाय. पन तिची होती ना."

तपासणीचा तुकडा मेणात घालून ठेवतात, त्यात जीव राहत नाही, शमिकानं हळू सांगितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं आदल्या दिवशीचं चित्रण लावलं. बशीत थेंब मोडणारं नवं औषध पडलं, हिरवे थेंब विझत गेले. महिपत "बेस" म्हणाला. बोट मात्र पडद्यावर टेकलं होतं, शेवटच्या थेंबापाशी.

दुसऱ्या दिवशी तेल निवलं तेव्हा त्यानं जुनी बाटली काढली. तिच्यात गेल्या सालचं, त्यात त्याच्या आदल्या सालचं. असं मागं जात कुठंतरी मैनाच्या हातचं. पळी भरून त्यानं थोडा वेळ तशीच धरली, मग ओतली. जुन्या तेलाची काळपट रेघ नव्यात उतरली आणि कुठलं कुठं गेलं ते कळेना. महिपत टोपावर वाकून राहिला.